स्त्री नेमबाजाने पहिले पिस्तूल कसे निवडावे

सातारा जिल्ह्यातील एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ३४. आठ महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस क्लबमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव चालू आहे. पिस्तूल क्लबचेच, जुने. ६० शॉट्सचा स्कोअर ६०० पैकी ५२० च्या आसपास येऊन थांबला आहे आणि बरेच शॉट्स डावीकडे, किंचित खाली जातात. हात लहान आहे, पिस्तूल जड वाटते. विक्रेता 'लेडीज मॉडेल' म्हणून एक हलके पिस्तूल सुचवतो आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की एवढे पैसे घालायचेच असतील तर स्वसंरक्षणासाठी परवान्याचे रिव्हॉल्व्हर घ्यावे. यातले काय करावे?

मी आधी खेळाडू म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ पिस्तुलाच्या रेंजवर काढला आहे, आणि जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न अनेक मुलींनी आणि गृहिणींनी मला विचारला आहे. उत्तराची सुरुवात मी वजनापासून न करता आपल्या टार्गेटवर डावीकडे पडणाऱ्या छिद्रांपासून करते, कारण आपली खरी अडचण तिथे दिसते आहे.

उजव्या हाताने खेळणाऱ्या नेमबाजाचे शॉट्स सातत्याने डावीकडे जात असतील, तर सर्वप्रथम ट्रिगरवरचे बोट पाहावे. ट्रिगरवर पहिल्या पेराच्या गादीचा मधला भाग टेकला पाहिजे आणि दाब सरळ मागे, नळीच्या रेषेत आला पाहिजे. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, हातापेक्षा मोठी असली की बोट तिथवर पोहोचत नाही. ट्रिगरला फक्त टोक लागते, आणि टोकाने दाबताना बोट ट्रिगरला मागे ओढण्याऐवजी डावीकडे ढकलते. बोट पुरावे म्हणून काही जणी नकळत संपूर्ण पंजाच ग्रिपभोवती फिरवून घेतात. मग पिस्तुलाचा अक्ष आणि हाताचे हाड एका रेषेत राहत नाहीत, मनगट वाकते, आणि ते वाकलेले मनगट शेवटच्या क्षणी सैल होऊन शॉट खाली जातो. आपण सांगितलेले 'डावीकडे, किंचित खाली' हे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते, तेव्हा हातात झालेली केसाएवढी हालचालही १० मीटरवर दहाचा आठ करून टाकते.

आता 'लेडीज मॉडेल'विषयी. आंतरराष्ट्रीय नियमांत स्त्रियांसाठी वेगळे एअर पिस्तूल नाही. कॅलिबर ४.५ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम, आणि संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे; हे नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच आहेत. पूर्वी स्त्रियांची स्पर्धा ४० शॉट्सची असे. २०१८ पासून तीही ६० शॉट्सची झाली आणि वेळही पुरुषांइतकाच, म्हणजे ७५ मिनिटे. तेव्हा दुकानात ज्याला 'लेडीज' म्हणतात ते बहुतेक वेळा त्याच पिस्तुलाचे आखूड नळीचे किंवा हवेच्या लहान सिलिंडरचे रूप असते. ते वाईट नसते, काहींना फार चांगले मानवतेही. पण त्याच्यावर जर मध्यम मापाचीच ग्रिप बसवलेली असेल, तर आपला प्रश्न आहे तिथेच राहील आणि खिशातले लाख-दोन लाख मात्र गेलेले असतील.

वजनाची तक्रार मी खोटी मानत नाही. क्लबमध्ये आपल्या हाती आहे ते बहुधा एका दणक्यात हवा भरण्याचे रशियन बनावटीचे पिस्तूल असावे. असे पिस्तूल १३०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि प्रत्येक शॉटआधी त्याचा दांडा जोर लावून ओढावा लागतो. सरावाचे धरून ८०-९० वेळा हे केले, की खांदा दमण्याआधी दंड दमतो. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी यांची आजची दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी पिस्तुले साधारण ९०० ते १००० ग्रॅमची असतात आणि त्यांना कॉक करायला, म्हणजे पुढच्या शॉटसाठी तयार करायला, एका बोटाचा जोर पुरतो. हा फरक मोठा आहे आणि आपल्याला तो पहिल्या दिवशी जाणवेल. मात्र त्याहूनही हलके शोधत जाऊ नये. फार हलके पिस्तूल हवेत भरभर थरथरते. थोडे वजन असले की ती थरथर संथ होते आणि संथ थरथरीत ट्रिगर दाबणे सोपे जाते. शिवाय तराजूवरचे वजन आणि हाताला वाटणारे वजन एक नसते. पुढच्या टोकाला भार असलेले ९५० ग्रॅमचे पिस्तूल हे भार मुठीजवळ असलेल्या १०५० ग्रॅमच्या पिस्तुलापेक्षा जड वाटते. म्हणून दुकानात पिस्तूल उचलून 'हलके आहे' असे म्हणण्यात काही अर्थ नाही. हात लांब करून, नेम धरून, दहा-दहा सेकंद निदान वीस वेळा ते तोलून पाहावे. विसाव्या वेळी पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, खाली झुकू लागली, तर भार पुढे आहे असे समजावे. बहुतेक पिस्तुलांवर लहान वजने लावता-काढता येतात आणि भार मागेपुढे करता येतो, म्हणून सुरुवात हलक्या बाजूने करून पुढे वर्षभरात वीस-तीस ग्रॅम वाढवत जाणे हा माझ्या अनुभवातला सुरक्षित मार्ग आहे.

ग्रिपविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण निवडीचा नव्वद टक्के भाग मी तिथेच मोजते. उत्पादक ग्रिप अतिलहान, लहान, मध्यम आणि मोठी अशा मापांत देतात. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आपण १६ सेंटिमीटर कळवली आहे. त्यावरून आपण लहान किंवा अतिलहान माप मागवावे, मध्यम मुळीच घेऊ नये. लहान ग्रिपमध्ये लाकूड भरता येते. मोठी ग्रिप कापत गेले तर एका मर्यादेनंतर आतला धातू लागतो. पण कोणतेही माप जसेच्या तसे कुणाच्या हाताला बसत नाही. कानस आणि पुट्टी यांचे काम हे ठरलेलेच.

हे काम मी कसे करते ते सांगते. मुलीच्या तळहाताला टाल्कम पावडरचा पातळ थर लावते आणि तिला पिस्तूल धरून, नेम घेऊन, दहा सेकंदांनी हात न घसरवता सोडायला सांगते. अक्रोडाच्या काळपट लाकडावर पांढरे ठसे उमटतात. अंगठ्याच्या बुडाची गादी, करंगळीच्या बाजूची कड आणि मधल्या दोन बोटांची पेरे यांचे ठसे सलग आणि सारखे दिसले पाहिजेत. गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या ग्रिपवर तळहाताच्या खोलगट भागाचा ठसाच उमटत नव्हता, आणि तर्जनीच्या मुळाशी मात्र पांढरा ढीग जमत होता. म्हणजे ती ग्रिप तर्जनीच्या बुडावर तोलून धरत होती आणि ट्रिगर दाबला की तेच बूड लाकडाला ढकलत होते. तर्जनीखालचे लाकूड मी अर्धगोल कानशीने थोडे थोडे करून दोनेक मिलिमीटर उतरवले, तळहाताच्या खळगीच्या जागी पुट्टीचा लिंबाच्या फोडीएवढा उंचवटा दिला, आणि पुट्टी ओली असतानाच हाताला क्लिंग फिल्म गुंडाळून तिला पकड घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी पावडरचा ठसा पूर्ण आला. तर्जनी आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट दिसली, की बोट मोकळे झाले असे मी समजते. ट्रिगरच्या बोटाचा लाकडाला कुठेही स्पर्श होता कामा नये.

हाताच्या खालचा सरकता आधार, ज्याला आपण पाम शेल्फ म्हणतो, तो करंगळीच्या बाजूला नुसता टेकला पाहिजे. पिस्तूल सुटू नये म्हणून तो आवळून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अर्ध्या तासात हात बधिर होतो आणि ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, पसरतो. ग्रिपचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नसावा, असा नियमच आहे. त्याच नियमाने पिस्तूल धरण्याच्या हातात आधार देऊ शकेल असे घड्याळ, कडे किंवा मनगटी पट्टा चालत नाही. ज्यांना उजव्या हातातील बांगड्या काढायला घरून आडकाठी होते, त्यांनी हे घरच्यांना आधीच नीट समजावून सांगावे. ऐन स्पर्धेच्या दिवशी साहित्य तपासणीच्या टेबलावर यावरून रडवेल्या झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्या अवस्थेत कुणाचाही नेम लागत नाही.

ग्रिप बसली की नाही याची शेवटची कसोटी अशी : पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून टार्गेटकडे उभे राहावे, डोळे मिटून हात वर न्यावा, तो स्थिर झाला असे वाटले की डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध, माथे समपातळीत आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट अशी दिसली, तर ग्रिप आपली झाली. साइट दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर मनगट वळवून ती मध्ये आणू नये. ग्रिपचा कोन बदलावा.

ट्रिगरच्या बाबतीत आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच, की त्याची पट्टी मागेपुढे सरकते का आणि ती पुरेशी मागे येते का. ५०० ग्रॅमचा दाब दोन टप्प्यांत वाटून घ्यावा. पहिल्या टप्प्यात ३५० च्या आसपास आणि उरलेला दुसऱ्यात. नवशिक्यांना हे वाटप मानवते, कारण बोट ट्रिगरवर विश्वासाने टेकते. दाब बरोबर ५०० वर ठेवू नये, थोडा वर ठेवावा. तपासणीत पिस्तूल उभे धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन लटकवतात, आणि ते उचलले गेले नाही तर पिस्तूल नापास होते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो, पण पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिक ट्रिगरच सुचवते. तो गावातही दुरुस्त होऊ शकतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि तिची मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली. तिच्यासोबत प्रशिक्षक आणि जादा साहित्य होते, तरीही ही वेळ आली. त्याच मनूने २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली हे खरे, पण आपल्या जिल्ह्यातील रेंजवर सुटा भाग कुठून येणार याचा विचार पिस्तूल घेण्यापूर्वीच केलेला बरा.

वापरलेले पिस्तूल घेण्यास माझी हरकत नाही. माझ्या अर्ध्याहून अधिक विद्यार्थिनींनी सुरुवात तशीच केली. पहिली नजर सिलिंडरवरच्या तारखेवर टाकावी. त्याची मुदत उत्पादनापासून दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेल्या सिलिंडरने स्पर्धेत उतरणे तर दूरच, २०० बारची हवा त्यात भरणेही धोक्याचे आहे. सिलिंडर भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी दाब उतरला आहे का ते पाहावे. त्यानंतर एका जागी टेकवून दहा शॉट्स घ्यावेत; त्यांचे छिद्र जवळपास एकच दिसले पाहिजे.

आता हाताळणीविषयी. एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही म्हणून त्याला खेळणे समजणारी माणसे मला आजही भेटतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो आणि डोळा कायमचा घालवू शकतो. नळीचे तोंड सदैव टार्गेटच्या दिशेला असावे. बोट ट्रिगरवर फक्त नेम घेतल्यावरच जावे. पिस्तूल खाली ठेवताना नळीत, ती रिकामी आहे हे दाखवणारी सुरक्षा-दोरी घातलेली असावी, आणि घरी पिस्तूल व छर्रे वेगवेगळ्या कुलपांत असावेत. आपल्या घरात लहान मूल आहे असे आपण लिहिले आहे. तर कपाटाची किल्ली देवघरात किंवा फळीवर न ठेवता आपल्या अंगावर ठेवावी.

उभे राहताना पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही पायांवर सारखा भार घ्यावा आणि डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवावा. त्यासाठी खिसा असलेली, कंबरेवर नीट बसणारी पँट घ्यावी, कारण नुसता लोंबणारा हात शरीराला झोके देतो. बूट घोट्याच्या हाडाखाली संपणारे असावेत, असा पिस्तूल प्रकारांचा नियम आहे. हात खांद्यातून उचलावा, मनगट आणि कोपर घट्ट असावेत, आणि नजर पुढच्या साइटवर रोखलेली असावी. टार्गेटचे काळे वर्तुळ धूसर दिसले तर तक्रार करू नये, ते तसेच दिसले पाहिजे. सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली आणावा. पिस्तूल खाली घेण्यात नवख्या बायकांना फार संकोच वाटतो, जणू काही चूक झाली. पण चांगला नेमबाज एका फेरीत कित्येकदा हात खाली आणतो. शॉट सुटल्यावरही साइटकडे एक-दोन सेकंद पाहत राहावे, कारण छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंतचा हाताचा झोल टार्गेटवर उमटतो.

एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, मुलाला घेऊ नये. गर्भारपणात किंवा अंगावर पाजत असताना बंदिस्त रेंजवर .२२ बोअरच्या, काडतुसावर चालणाऱ्या पिस्तुलाचा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण त्या काडतुसाच्या धुरात शिसे असते. घरी भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने होल्डिंग, म्हणजे नुसता नेम धरून ठेवण्याचा सराव, करण्यास मात्र अशी अडचण नाही.

.२२ चा विचार आपण आज करू नये, पण माहिती असावी. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल हा स्त्रियांचा ऑलिंपिक प्रकार आहे : ३० शॉट्स शांतपणे आणि ३० शॉट्स, प्रत्येकी ३ सेकंदांच्या मुदतीत, ४५ अंशांवरून हात उचलून. त्यात ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तिथे जाण्याची वाट एअर पिस्तुलातूनच जाते, कारण ट्रिगर आणि साइट यांची शिस्त दोन्हीकडे एकच आहे. .२२ ला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि तोवर क्लबच्या देखरेखीखालीच सराव करता येतो.

राहिला रिव्हॉल्व्हरचा प्रश्न. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे, ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हा ते पर्समध्ये मावते याचीच चर्चा अधिक झाली. पण काडतूस तेच असताना शस्त्र जितके हलके तितका हाताला बसणारा धक्का मोठा असतो. शिवाय घोडा न चढवता रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढायचा तर साधारण चार-पाच किलोंचा जोर लागतो, म्हणजे आपण आज दाबता त्याच्या आठ-दहा पट. ज्या हाताचे बोट ५०० ग्रॅमला डावीकडे ढकलते आहे, तो हात घाबरलेल्या अवस्थेत एवढा जोर सरळ मागे लावेल असे मी म्हणू शकत नाही. परवाना मागण्याचा आपला अधिकार आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांकडे करावा लागतो, आणि गरज पटवून द्यावी लागते. परंतु लहान मूल असलेल्या घरात भरलेले शस्त्र हाताशी ठेवणे आणि ते मुलाच्या हाती न लागू देणे, या दोन गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत. म्हणून या कारणासाठी रिव्हॉल्व्हर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी तीन आठवडे एवढे करावे. क्लबच्या पिस्तुलाच्या ट्रिगरची पट्टी प्रशिक्षकांकडून जेवढी मागे येते तेवढी मागे सरकवून घ्यावी. कॉक करताना नळीचे तोंड टार्गेटकडेच ठेवून पिस्तूल टेबलाच्या कडेला टेकवावे, म्हणजे उजव्या हाताची ताकद शिल्लक राहील. दररोज पंधरा मिनिटे पांढऱ्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने नुसता ट्रिगर दाबावा आणि त्या क्षणी पुढची साइट कुठे सरकते ते वहीत लिहावे. प्रत्येक सरावाची टार्गेट्स तारीख घालून जपून ठेवावीत. छिद्रे मध्याकडे सरकली, तर आपल्याला लहान ग्रिप आणि मागे येणारा ट्रिगर असलेले कोणतेही चांगले पिस्तूल चालेल. ते खुशाल घ्यावे, नवे किंवा वापरलेले. ती तिथेच राहिली, तर ती टार्गेट्स आणि वही घेऊन प्रशिक्षकांकडे बसावे, डावा-उजवा यांपैकी आपला प्रबळ डोळा कोणता हे तपासून घ्यावे, आणि दुकानाचे नाव त्यानंतरच काढावे.